उसना सायलेन्सर



उसनी वस्तू देणे-घेणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. घरी कार्य निघाले की शेजाऱ्यांची पातेली येतात, सतरंज्या येतात आणि कार्य आटोपल्यावर जिथल्या तिथे परत जातात. त्यासाठी कोणी कायद्याचे पुस्तक उघडीत नाही. परंतु काही वस्तू अशा आहेत की त्या एक पैही न घेता, घटकाभरासाठी, जिवलग मित्राच्या हाती देणे हादेखील गुन्हा ठरू शकतो. शिकारीच्या बंदुकीचा सायलेन्सर ही त्यांपैकीच एक. आज आम्ही मुख्यतः अमेरिकेतील कायद्यासंबंधी बोलणार आहोत.

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. या वस्तूचा संबंध कानाशी आहे, आणि यंत्रमागाच्या खडखडाटात ऐन चाळिशीत कान गमावलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. दुसरे कारण असे की, आपल्या गावोगावची मुले आज अमेरिकेत नोकरीस आहेत, आणि त्यांचे आईबाप चार-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. तिथे शिकारीचे आमंत्रण येणे ही नवलाची गोष्ट नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. गोळी सुटते तेव्हा दारूचा तापलेला वायू नळीच्या तोंडाशी एकदम मोकळा होतो. धमाका होतो तो त्याचा. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडावर बसविलेले पोकळ नळकांडे. त्याच्या आत एकामागून एक पडदे असतात आणि मधोमध गोळी जाण्यापुरते भोक असते. वायू कप्प्याकप्प्यांतून अडत, पसरत, निवत बाहेर पडतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच. सिनेमात दाखवितात तसा नुसता ‘फुस्स’ आवाज मात्र होत नाही. रायफलीचा धमाका सुमारे १६० डेसिबलचा. सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा स्वतःचा कडाका राहतोच. अमेरिकेतील कारखान्यांत क्षणिक दणक्याची मर्यादा १४० डेसिबल धरलेली आहे. आवाज त्या रेषेच्या आसपास किंवा खाली येतो, एवढाच सायलेन्सरचा उपकार. पण कानाच्या हिशेबी तो थोडा नव्हे.

या उपकरणाचे पेटंट हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन यंत्रज्ञाने १९०९ साली मिळविले. मशिनगनचा जनक सर हायरम मॅक्सिम हा त्याचा बाप. स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजाने हा बाप उतारवयात जवळजवळ ठार बहिरा झाला होता. आरंभी हा सायलेन्सर साध्या दुकानात, टपालानेसुद्धा मिळत असे. पुढे टोळीयुद्धांच्या काळात, १९३४ साली, अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने राष्ट्रीय शस्त्र कायदा केला आणि मशिनगनबरोबर सायलेन्सरही त्यात घातला. प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसला. ही रक्कम त्या वेळी खुद्द वस्तूच्या किमतीहून कितीतरी जास्त होती. ती नव्वद वर्षे तशीच राहिली. २०२५ साली झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील हा कर शून्यावर आणला.

इथे पुष्कळांची गफलत होते. कर गेला म्हणजे बंधन गेले, असे त्यांना वाटते. परंतु त्या कायद्याने फक्त कर काढला, नोंदणी काढली नाही. प्रत्येक सायलेन्सर क्रमांकानिशी कोणाच्या तरी नावे सरकारी वहीत चढलेला असतो, आणि तो दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते.

आता मुद्द्याचे कलम. ‘हस्तांतरण’ म्हणजे काय, हे सांगताना कायद्याने विकणे, गहाण टाकणे, भाड्याने देणे, बक्षीस देणे यांच्याबरोबर ‘उसने देणे’ हा शब्दही स्पष्ट घातला आहे. कारखान्याच्या टूलरूमची आठवण करा. आपला पितळी बिल्ला ठेवून कामगार हत्यार घेतो. ते त्याने शेजाऱ्याला दिले तरी स्टोअरकीपरच्या लेखी ते त्याच्याच नावावर असते. तिथे फार तर पगारातून भरपाई कापतील. इथे दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती देणाऱ्याला तशीच घेणाऱ्यालाही होऊ शकते.

मग पाहुण्याने सायलेन्सर लावलेली रायफल हातात धरायचीच नाही काय? तसे नाही. मालक शेजारी उभा आहे, त्याच्या नजरेसमोर पाहुणा गोळी झाडतो आणि बंदूक लगेच परत करतो, तर त्याला सामान्यतः हस्तांतरण समजत नाहीत. मात्र ‘मालक हजर असला की चालेल’ असे वाक्य कायद्यात लिहिलेले नाही, हे लक्षात ठेवावे. आणि “तुम्ही त्या मचाणावर बसा, मी घरी आहे,” किंवा “आज घेऊन जा, रविवारी परत आणा,” असे म्हटले, की ते सरळ उसने देणे झाले. पुष्कळ यजमान पाहुण्याबरोबर पगारी वाटाड्या धाडतात. नोंद एकट्या मालकाच्या नावे असेल तर त्या वाटाड्याचीही गत तीच. मालकाच्या हुकुमाने धरली म्हणून त्याचे नाव वहीत चढत नाही. यावर उपाय म्हणून काही लोक विश्वस्त निधी करून त्याच्या नावे नोंद करतात. मग त्याचे विश्वस्त ती वस्तू कायदेशीरपणे बाळगू शकतात. परंतु पाहुणा काही विश्वस्त नसतो. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगण्याचीच बंदी आहे.

आता आपल्या माणसांसंबंधी. प्रवासी व्हिसावर गेलेले आईबाप, एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा मुलगा, शिकायला गेलेली मुलगी, हे सर्व अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने ‘कायमचे रहिवासी नसलेले परदेशी’ होत. अशांना बंदूक बाळगण्याची मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सायलेन्सर हीसुद्धा बंदूकच. अपवाद आहे तो मुख्यतः शिकारीसाठी प्रवेश मिळालेल्यांचा, किंवा अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असणाऱ्यांचा. आता गंमत पाहा. टेक्सस राज्याने २०१९ पासून, खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरे मारण्यास शिकारीचा परवाना लागणार नाही असे ठरविले. यजमान भल्या मनाने सांगतो, “परवान्याची काही गरज नाही.” राज्याच्या कायद्यापुरते ते खरेही आहे. पण पाहुण्याला मध्यवर्ती कायद्यापासून वाचविणारा कागद तोच, आणि नेमका तोच कोणी काढीत नाही!

ही भीती कल्पनेतली नव्हे. राहण्याचा कायदेशीर दर्जा संपलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याने नेमबाजीच्या मैदानावर बंदूक झाडली, एवढ्यावरून त्याला शिक्षा झाली होती. आपला दर्जा काय आहे हे त्याला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, या कारणावरून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पण तोवर त्याचे व्हायचे ते हाल झालेच. त्यानंतर २०२२ साली या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षांवर नेण्यात आली.

आपल्याकडे काय आहे? १९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यानेही आवाज किंवा ज्वाला कमी करणाऱ्या जोडणीला बंदुकीच्या व्याख्येतच धरले आहे. परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने बंदूक वाहून नेऊ शकतो. पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाने वापरावी म्हणून. म्हणजे गड्याने साहेबाची बंदूक खांद्यावर वाहावी, चाप मात्र साहेबानेच ओढावा! पाहुण्याला हौस म्हणून ती झाडू देण्याची सवलत या वाक्यात नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेची शिकार आपल्याकडे उरलेली नाही.

तात्पर्य, कायदा इथे वस्तू कोणाची एवढेच पाहत नाही. ती कोणाच्या हाती आहे आणि त्या हाताला तिचा अधिकार आहे काय, हे पाहतो. म्हणून परदेशी शिकारीचे आमंत्रण आले तर बंदुकीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सायलेन्सरची नोंद कोणाच्या नावे आहे? तो माणूस सारा वेळ आपल्या शेजारी राहणार आहे काय? आणि आपल्या व्हिसावर शिकारीच्या परवान्यावाचून आपल्याला बंदूक हाती धरता येते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यजमानाकडून न घेता वकिलाकडून घ्यावे. असे विचारण्यात यजमानाचा अपमान नाही. त्याच्याही मानेवरचे जोखड त्याने टळते. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर कानात बोळे घालून नुसती गंमत पाहत बसावे. एका संध्याकाळच्या हौसेपायी मुलाची नोकरी आणि स्वतःचे स्वातंत्र्य गहाण पडू देऊ नये.