उन्हाळा सोसणारी गाय

न्यूझीलंडमध्ये एका दुधाळ जातीच्या वळूच्या मुली विचित्र निघाल्या. त्यांतल्या निम्म्या कालवडींच्या अंगावर लांब, दाट केस होते. ऊन थोडे वाढले की त्या धापा टाकत, आणि व्यायल्यावर त्यांना दूध जवळपास नव्हतेच. केस, उष्मा आणि दूध असे तीन बिघाड एकाच जनावरात कसे? शोध घेताना दोष सापडला तो प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या जनुकात. बाळंतिणीच्या स्तनांत दूध तयार होते ते याच संप्रेरकामुळे. (पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, या दोघांची गल्लत नेहमी होते.) गाईत हेच प्रोलॅक्टिन अंगावरच्या केसांवरही हुकूम चालवते.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाची दुसरी बाजू जास्त कामाची ठरली. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर सेनेपोल नावाची जात आहे. अंगावर आखूड, चकचकीत केस आणि भर उन्हात निवांत चरण्याची सवय. प्रोलॅक्टिन पेशीवर जिथे चिकटते त्या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात हिच्याकडे एक अक्षर कमी आहे, त्यामुळे त्या प्रथिनाचे शेपूट अर्धवट राहते. या बदलाला 'स्लिक' म्हणतात. आईबापांपैकी एकाकडून तो मिळाला तरी पुरतो, आणि दूध मात्र आटत नाही.

केसांचे एवढे महत्त्व का, हे कळायला गाईचे पोट पाहावे लागते. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरहून मोठे असते आणि त्यात वैरण चोवीस तास आंबत असते. त्यातून उष्णता निघते. दूध तयार करताना आणखी निघते. म्हणजे वीस-पंचवीस लिटर देणारी गाय ही पाच लिटर देणाऱ्या गाईपेक्षा मोठी भट्टी आहे. तिचे नेहमीचे तापमान साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस, माणसात त्याला ताप म्हटले असते. भट्टीची ही धग कातडीवाटे, घामावाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकावी लागते. दाट केस आडवे आले किंवा हवा दमट झाली की ती आत कोंडते.

यासाठी तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा निर्देशांक वापरतात. तो ७२ झाला की दुधावर परिणाम दिसू लागतो, असे अनेक वर्षे धरले जाई. आता भरपूर दूध देणाऱ्या गाईंसाठी ६८ हाच आकडा मानतात. पंचवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता असली की हा निर्देशांक ७२ च्या जवळ असतो. माणूस ज्या हवेला छान म्हणतो, तिथेच होल्स्टीन गाईचा त्रास सुरू होतो. मग एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गोठ्याखाली काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. वैरण कमी खाल्ली जाते, दूध उतरते, फॅट घसरते आणि संकलन केंद्रावर दर कापला जातो. गाय माज नीट दाखवत नाही. भरवली तरी पहिल्या काही दिवसांतच गर्भ उष्णतेने मरतो आणि ती उलटते. दूध कमी झालेले त्याच दिवशी कळते, पण हा रिकामा गेलेला काळ अधिक महाग पडतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने सेनेपोलचा हा गुण होल्स्टीनमध्ये आणला. आधी संकर, मग पिढ्यानपिढ्या पुन्हा होल्स्टीनचेच रेतन. उन्हाळ्यात या गाईंच्या शरीराचे तापमान इतर होल्स्टीनपेक्षा अर्ध्या अंशाच्या आसपास कमी राहिले आणि दुधातली घटही कमी झाली. प्वेर्तो रिकोत अशा आखूड केसांच्या होल्स्टीन आधीपासूनच होत्या. आता जनुक-संपादनाने हाच बदल एका फटक्यात करता येतो. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा बदल केलेल्या मांसासाठीच्या गुरांना कमी जोखमीचे ठरवले.

भारताला मात्र उष्णता सोसणारे रक्त बेटांवरून आणायची गरज नाही. आखूड केस, सैल कातडी, भरपूर घाम, हे सगळे गीरमध्ये आहे. ब्राझीलने भारतातून गीर नेली आणि पाच अष्टमांश होल्स्टीन, तीन अष्टमांश गीर अशी गिरोलांडो उभी केली. आज तिथले बरेचसे दूध तिच्यावर चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी याच वाटेवरची: निम्मे होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर. अडचण पुढच्या पिढीत येते. फुले त्रिवेणीच्या कालवडीलाही दर वेळी शुद्ध होल्स्टीनचीच कांडी भरली, तर गीरचा पाव हिस्सा आठव्यावर, मग सोळाव्यावर जातो. दूध वाढते, आणि उन्हाळ्यात टिकाव धरणे कमी होते.

ही देवाणघेवाण ऑस्ट्रेलियाने आकड्यांत मांडली. तिथल्या शास्त्रज्ञांनी दुधाच्या नोंदी आणि हवामान केंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, उकाड्यात कोणत्या वळूच्या मुलींचे दूध कमी घसरते ते काढले, आणि २०१७ पासून वळूंना उष्णता-सहनशीलतेचे गुण मिळू लागले. त्यात दिसले ते असे, की या गुणांत वरचढ वळू सरासरीने दुधात थोडे मागे असतात. केवळ सर्वाधिक लिटरचा आकडा पाहून कांडी निवडणे म्हणजे नकळत उन्हाला कच्ची गाय निवडणे होय. हा आकडा आपल्याकडच्या वळूंच्या माहितीपत्रकातही छापला जायला हवा.

पैदाशीचे फळ उशिरा मिळते. आज भरलेल्या कांडीची कालवड दुधात यायला तीन वर्षे लागतात. दरम्यान सावली, वारा, पाणी यांना पर्याय नाही, आणि त्यात एक गाय हमखास विसरली जाते: व्यायच्या आधी आटवलेली. दूध नाही म्हणून तिला गोठ्याबाहेर उन्हात बांधतात. फ्लोरिडातल्याच अभ्यासांत दिसले, की या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत उन्हाने तापलेल्या गाईंना पुढच्या वेतात दूध कमी आलेच. शिवाय त्यांच्या पोटातल्या कालवडीही मोठ्या झाल्यावर कमी दुधाच्या निघाल्या.