नववर्षाचे पहिले पाऊल: अमेरिकेतील ‘फर्स्ट डे हाइक’ आणि सार्वजनिक जागेवरचा हक्क

१ जानेवारी म्हटले की आपल्या समाजाला भीमा कोरेगाव आठवते. त्या दिवशी पहाटेपासून लाखो पावले विजयस्तंभाकडे निघालेली असतात. त्याच दिवशी अमेरिकेत हजारो माणसे सकाळी उठून जंगलात, डोंगरावर, समुद्रकिनाऱ्यावर चालायला जातात. या उपक्रमाला तिथे ‘फर्स्ट डे हाइक’ म्हणतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची गरजही नाही. पण सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न ज्या समाजाने पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी लढून विचारला, त्या समाजातील तरुणांनी हा उपक्रम समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

आधी थोडी माहिती. अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारची असतात, तर ‘स्टेट पार्क’ म्हणजे राज्य उद्याने त्या त्या राज्य सरकारची. यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने जगभर प्रसिद्ध आहेत, पण सामान्य कुटुंब रविवारी डबा घेऊन जाते ते बहुधा जवळच्या राज्य उद्यानात. तळे, टेकडी, तंबू ठोकायची जागा, चालायच्या वाटा असे त्याचे साधे स्वरूप असते.

१ जानेवारी १९९२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टन शहराला लागून असलेल्या ‘ब्लू हिल्स रिझर्व्हेशन’मध्ये पहिला फर्स्ट डे हाइक झाला. सुमारे सात हजार एकरांचे हे वनक्षेत्र १८९३ मध्ये लोकांसाठी राखून ठेवण्यात आले. त्यातील सर्वात उंच टेकडी अवघी ६३५ फूट, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही गडापुढे लहानच. पण जानेवारीत तिथे बर्फ असतो, दिवस लहान असतो आणि आदल्या रात्रीच्या जागरणाने लोक अंथरुणात असतात. अशा दिवशी उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी लोकांना बाहेर बोलावले. उद्यान फक्त उन्हाळ्यासाठी नाही, ते बाराही महिने तुमचे आहे, हे त्यांना सांगायचे होते. हळूहळू इतर राज्यांनी ही कल्पना उचलली आणि २०१२ मध्ये प्रथमच सर्व ५० राज्यांत एकाच दिवशी असे हाइक झाले. त्या वर्षी सुमारे ४०० ठिकाणी १४ हजारांहून अधिक लोक मिळून ३० हजार मैलांपेक्षा जास्त चालले.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. मॅसॅच्युसेट्स हे राज्याचे नावच तिथल्या मूळनिवासी लोकांच्या नावावरून आले आहे आणि त्याचा अर्थ मोठ्या टेकडीजवळचे लोक असा होतो. ती मोठी टेकडी म्हणजे हीच. टेकडी ‘सर्वांची’ होण्याआधी ती कोणाची होती, हे त्या नावातच लिहिलेले आहे.

या उपक्रमातला महत्त्वाचा शब्द आहे मार्गदर्शन. नकाशा हातात देऊन लोकांना मोकळे सोडले जात नाही. रेंजर किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक गटासोबत चालतो. वाट किती लांब, किती चढाची, लहान मुलांना जमेल का, व्हीलचेअर जाईल का, हे आधीच जाहीर केलेले असते. एक-दीड मैलाची सोपी फेरी असते, तशी कसलेल्या लोकांसाठी लांबची चालही असते. पाने गळालेले झाड सालीवरून कसे ओळखावे, बर्फातले ठसे कोणत्या प्राण्याचे, ही भिंत कोणी बांधली, हे वाटेत सांगितले जाते. हवाईत ओआहू बेटावर मकापूच्या कड्यावर लोक अंधारात चढतात आणि वर्षाचा पहिला सूर्योदय पाहतात. फ्लोरिडात त्याच दिवशी स्वेटरसुद्धा लागत नाही. हाइकला बहुतेक ठिकाणी पैसे नसतात, आणि वॉशिंग्टनसारखी काही राज्ये त्या दिवशी उद्यानात गाडी नेण्याचे शुल्कही माफ करतात.

हे सगळे वाचायला छान वाटते. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला लगेच पुढचा प्रश्न पडतो. या वाटांवर चालायला सर्वांना मोकळीक होती का?

नव्हती. व्हर्जिनिया राज्याने १९३६ मध्ये एकाच दिवशी सहा राज्य उद्याने उघडली. ती सर्व फक्त गोऱ्यांसाठी होती. १९४८ मध्ये मेसिओ मार्टिन नावाच्या कृष्णवर्णीय बँक अधिकाऱ्याला स्टॉन्टन रिव्हर या उद्यानात प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी न्यायालयात दावा लावला. राज्य सरकारने उत्तर कसे दिले? उद्यानाचे दार उघडले नाही, तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळे उद्यान काढले. १९५० मध्ये ‘प्रिन्स एडवर्ड स्टेट पार्क फॉर निग्रोज’ या नावाने ते सुरू झाले. शेजारीच गुडविन लेक होते, गोऱ्यांचे. दोन तळी जवळजवळ, एकाच रानात, एकाच सरकारची, पण पोहणारे वेगळे. ‘वेगळे पण समान’ या कायदेशीर शब्दप्रयोगाचे यापेक्षा स्पष्ट चित्र मिळणे कठीण. पुढे ही दोन्ही उद्याने एक झाली. आज त्यांचे नाव ट्विन लेक्स, म्हणजे जुळी तळी.

समुद्रकिनाऱ्यावरच्या सीशोअर उद्यानाची कथा आणखी बोचणारी आहे. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी केंद्र सरकारने ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना काढली होती. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यातले २५ घरी पाठवायचे. याच योजनेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकडीने सीशोअरच्या दलदलीत वाटा काढल्या. उद्यान तयार झाले आणि त्यांच्याच समाजाला तिथे बंदी झाली. १९५५ मध्ये न्यायालयाने भेदभावाविरुद्ध निकाल दिला, तेव्हा सर्वांना आत घेण्याऐवजी उद्यानच बंद करण्यात आले. ते सर्वांसाठी पुन्हा खुले व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. साउथ कॅरोलिनाने तर १९६३ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यातील सगळी उद्याने बंद केली. दुसऱ्या वर्षी ती उघडली, तेव्हाही पोहणे आणि मुक्कामाच्या खोल्या बंदच ठेवल्या. एकत्र चालणे एकवेळ चालेल, एका पाण्यात उतरणे नाही.

हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. त्यानुसार महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो लोक परिषदेच्या मंडपातून तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. नंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि कोर्टातला अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. खुल्याची पाटी लावणे ही एक गोष्ट असते आणि माणसे तिथे प्रत्यक्ष पोहोचणे ही दुसरी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होतेच. १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याविषयी विचारणा केली होती.

फर्स्ट डे हाइककडे आम्ही याच नजरेने पाहतो. कायद्याची भिंत पडली तरी बारीक कुंपणे शिल्लक राहतात. ज्या घरात आजोबांना उद्यानाच्या दारातून परत पाठवले, त्या घरात रविवारी उद्यानात जायची सवय कुठून येणार? तिथे गेलो तर लोक बघतील का, हरवलो तर काय, कोणते बूट लागतात, पार्किंगचे पैसे किती, अशा प्रश्नांनी माणूस घरीच थांबतो. सोबत चालणारा माणूस, फुकट प्रवेश आणि ठरलेली वेळ यांनी ही कुंपणे थोडी खाली येतात. थोडीच, हेही खरे. बहुतेक उद्यानांपर्यंत बस जात नाही, गाडी लागते. आणि १ जानेवारीला हॉटेलात भांडी घासणाऱ्याला सुट्टी नसते. म्हणूनच २००९ मध्ये रू मॅप यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ‘आउटडोअर ॲफ्रो’सारख्या संस्था आम्हाला जास्त महत्त्वाच्या वाटतात. तिथे वाट दाखवणारा माणूस आपल्याच समाजातला असतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्याची अर्धी भीती तिथेच जाते.

आपल्या युवा मंडळांना यातून घेण्यासारखे काय आहे? १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला असणार, त्यामुळे तारीख तीच धरण्यात अर्थ नाही. पण जानेवारीतला एखादा रविवार लेण्यांसाठी ठेवता येईल. मुंबईकरांसाठी कान्हेरी सर्वात सोयीची. ती बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, म्हणजे जंगल आणि बौद्ध वारसा एकाच वाटेवर. तरीही वस्तीत काम करताना आम्हाला असे तरुण नेहमी भेटतात, जे लोकलने रोज बोरिवलीवरून जातात आणि कान्हेरीला एकदाही गेलेले नाहीत. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे, सोमवारी बंद, आणि मुख्य दारापासून लेणी काही किलोमीटर आत, हे आधी सांगितले तरी निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम वाट दाखवणाऱ्याचे. मंडळातल्या दोघातिघांनी आधी एकदा जाऊन वाट पाहावी, कोणत्या लेणीपर्यंत आजींना चढता येईल ते ठरवावे, आणि ब्राह्मी लिपी शिकलेला एखादा कार्यकर्ता सोबत घ्यावा.

मोठ्या चैत्यगृहात फोटो काढून मंडळी परत फिरतात, तसे करू नये. वर चढत जाताना लेण्यांच्या बाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि ती दान देणाऱ्यांची नावेही तिथेच कोरलेली आहेत. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याची माणसे, भिक्खुणी, गृहिणी. तिथे पाच मिनिटे बसावे आणि ती नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.