कमी खर्चातलं हिरवं मत्स्यालय

जिवंत वनस्पतींचं मत्स्यालय करायला महागडी माती किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतंच असं नाही. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची साधी काचेची टाकी घ्या. तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी मावतं.

तळाला शेणखत किंवा रासायनिक खत न घातलेली, चाळलेली बागेची माती इंचभर पसरा. तिच्यावर धुतलेल्या बारीक खडीचा तेवढाच थर द्या, म्हणजे पाणी गढूळ होणार नाही. समुद्राची वाळू टाळा; तिच्यातले शिंपले पाणी जड करतात. व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जावा मॉस या काटक वनस्पती सुरुवातीलाच दाट लावा. विरळ लावल्यास शेवाळ माजतं. ६५०० केल्विनचा साधा एलईडी दिवा रोज ७-८ तास पुरतो. टाकी थेट उन्हात ठेवू नका.

मासे मात्र लगेच सोडू नका. त्यांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नायट्रेट वनस्पती शोषतात. त्यानंतर ५-६ गप्पी पुरेत. गोल्डफिशला ही टाकी अपुरी पडते. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते दिवसभर उघडं ठेवूनच वापरा.

जास्तीचे मासे किंवा वनस्पती नदी-तळ्यात कधीही सोडू नका. तिथल्या मूळच्या जीवांना त्यांचा धोका असतो.