कार्ड चालू हाय का?

दिवाळीच्या तोंडावर उमरखेडच्या शिवारात सोयाबीन निघालेलं असतं, कापसाचा पहिला वेचा घरी आलेला असतो आणि घराघरांत जुन्या हिशेबांच्या पिशव्या उघडतात. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या काकांनी माझ्यापुढे दोन कार्डं ठेवली. "हे दोन्ही चालू हायेत का, तेवढं पाहून दे."

एक किसान क्रेडिट कार्ड, दुसरं पोरानं पुण्यात असताना काढून दिलेलं बँकेचं क्रेडिट कार्ड. नाव दोघांचंही क्रेडिट कार्डच, पण 'चालू' या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा.

आधी शहरी कार्ड पाहिलं. त्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. 08/27 असेल तर कार्ड 31 ऑगस्ट 2027 पर्यंत चालतं. मुदत शिल्लक असूनही कार्ड नाकारलं जातं, तेव्हा बऱ्याचदा त्याची कळ बंद असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं, की ज्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार कधी झालेलाच नाही, त्यावर ती सोय बंद ठेवा आणि ती चालू-बंद करणं ग्राहकाच्या हाती द्या. असं कार्ड दुकानातल्या यंत्रावर चालतं, पण मोबाइलवरून वीजबिल भरताना अडतं. बँकेच्या ॲपमध्ये कळ फिरवली की काम होतं.

खरं बंद होणं निराळं. 2022 च्या नियमांप्रमाणे कार्ड वर्षभराहून जास्त वापरलं नाही, तर बँक ग्राहकाला कळवते आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद करू शकते, मात्र बाकी असेल ती भरावीच लागते. आपणच बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल, तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं. त्यापुढे होणाऱ्या उशिराला दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. हा हक्क आपल्या लोकांना ठाऊकच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पाहायचं कसं? कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, बँकेचं ॲप उघडावं किंवा शाखेत जावं. एटीएममधून पैसे काढून 'चालतंय का' पाहू नये, कारण क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोख रकमेला शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून चढतं. विसरलेलं कार्ड शोधायचं असेल तर सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढावा. कोणतं खातं उघडं आणि कोणतं बंद, ते त्यात दिसतं.

इंटरनेटवर नंबर टाकून कार्ड तपासून देतो म्हणणारी ठिकाणं आहेत. ती बहुतेक वेळा फक्त बेरीज करतात. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या या रीतीला 1960 मध्ये पेटंट मिळालं. उदाहरणाला 2642 घ्या. उजवीकडून एक आकडा तसाच ठेवायचा, पुढचा दुप्पट करायचा: 2, 8, 6, 4. बेरीज 20. दहाने भाग गेला म्हणजे नंबर लिहिताना बहुधा चूक झालेली नाही. दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे. खातं जिवंत आहे की नाही, हे या गणिताला कळतच नाही. नंबर मात्र परक्याच्या हाती जातो.

याहून घातक तो फोन: "तुमचं कार्ड आज बंद पडणार, ओटीपी सांगा." घाबरलेला माणूस सांगून मोकळा होतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार, गुपित आपणच सांगितलं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून घोळ लक्षात येताच बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावं, सकाळची वाट पाहू नये.

आता किसान कार्ड. 1998 मध्ये ही योजना आली तेव्हा कार्ड म्हणजे पासबुकासारखी पुस्तिका होती. 2012 च्या सुधारणेनंतर एटीएमवर चालणारं कार्ड आलं आणि मर्यादेला पाच वर्षांची मुदत मिळाली, पण दरवर्षी आढावा ठेवला गेला. इथं प्लास्टिकपेक्षा खात्याला महत्त्व. पीककर्ज थकलं, नवं-जुनं झालं नाही, की मुदत न संपलेलं कार्डही यंत्रात घातल्यावर पैसे देत नाही. वेळेवर भरणाऱ्याला सात टक्क्यांच्या व्याजात केंद्राची तीन टक्के सूट मिळते. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उरलेला भारही उचलते. तारीख चुकली तर ही सवलत हातची जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला एवढ्या पैशांत बियाण्याच्या पिशव्या येतात.

काकांच्या शहरी कार्डाची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती. नवं कार्ड पोराच्या पुण्यातल्या जुन्या पत्त्यावर गेलं होतं. आम्ही मागच्या क्रमांकावर फोन लावला, बाकी शून्य असल्याची खात्री केली आणि कार्ड नको म्हणून कळवलं. विनंतीचा क्रमांक काकांनी कॅलेंडरवर लिहून घेतला. काकूंनी पानाच्या डब्यातून अडकित्ता आणून दिला. काकांनी आधी चिप चिरली, मग काळ्या पट्टीचे तुकडे केले.

किसान कार्ड त्यांनी सातबारा आणि आठ-अ सोबत पिशवीत घातलं. सोमवारी शाखा उघडायच्या आधी दाराशी उभं राहायचं त्यांनी ठरवलं.