ग्रीवा रोहिणीतील अडथळा : निदान आणि उपचार

मेंदूला लागणाऱ्या रक्ताचा मोठा भाग मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या ग्रीवा रोहिण्या वाहून नेतात. स्वरयंत्राच्या वरच्या कडेजवळ प्रत्येक रोहिणीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे व दुसरा मेंदूकडे जातो. या दुभाजनाच्या ठिकाणीच बहुधा रोहिणीच्या अस्तरात मेदयुक्त विलेप साचून मार्ग अरुंद होत जातो. उतारवय, उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान ही त्याची प्रमुख कारणे होत.

धोका केवळ रक्तप्रवाह घटण्यात नसतो. विलेपावर धरलेल्या गुठळीचा कण सुटून मेंदूत अडकला, तर अर्धांगवायू ओढवतो. कित्येकदा तत्पूर्वी सूचना मिळते : एक हात काही मिनिटे लुळा पडतो, वाचा अडखळते किंवा एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार येतो. थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते आणि रुग्ण ते विसरून जातो. हे विसरणेच घातक ठरते. कारण त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच आघाताचा धोका सर्वाधिक असतो.

स्टेथॉस्कोप मानेवर ठेवल्यास कधी कधी फुत्कारासारखा ध्वनी ऐकू येतो. परंतु तो आला नाही म्हणून रोहिणी निर्दोष ठरत नाही. श्रवणातीत ध्वनितरंगांच्या डॉप्लर तपासणीत सुई न टोचता रक्ताचा वेग मोजता येतो. अरुंद जागी प्रवाह वेगवान होतो, त्यावरून अडथळ्याचे प्रमाण अजमावतात.

१९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वारंवार झटके येणाऱ्या एका स्त्रीच्या रोहिणीचा रोगग्रस्त भाग कापून टोके जोडण्यात आली. पुढे रोहिणी उघडून विलेप सोलून काढण्याची पद्धत रूढ झाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत, लक्षणे दिसलेल्या व ७० ते ९९ टक्के अडथळा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधे घेणाऱ्या २६ टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्या ९ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा आघात झाला. काहींच्या बाबतीत रोहिणीत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात.

मात्र शस्त्रक्रियेमुळेही क्वचित आघात होऊ शकतो. म्हणून लक्षणे नसलेल्यांच्या बाबतीत निर्णय सावधपणे घ्यावा लागतो. पूर्णपणे बंद झालेली रोहिणी तर सहसा उघडीत नाहीत. रक्तदाबावर नियंत्रण, कोलेस्टेरॉल कमी करणारी व गुठळी रोखणारी औषधे आणि तंबाखूचा त्याग ही पथ्ये सर्वांनाच आवश्यक असतात. आणि ओसरलेले लक्षण म्हणजे टळलेले संकट नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठणे हाच पहिला उपचार होय.