शंभर ग्रॅमच्या आधीची सत्तावीस वर्षं

१९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, जेमतेम पाच आठवड्यांत, अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवता उतरवता दगावले. तिघं वेगवेगळ्या राज्यांतले, पण शेवटचे तास सारखेच: तापलेली खोली, अंगात हवा न खेळणारा सूट, पाणी बंद, व्यायाम चालूच. घाम वाळत नाही म्हणून अंग थंड होत नाही, आणि पाणी आटलेल्या शरीराचं तापमान चढत जातं.

त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं असे सूट आणि सौना बंद केले. वजन आदल्या दिवशी न घेता कुस्तीच्या थोडंच आधी घेतलं जाऊ लागलं. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा नियम: हंगामाच्या सुरुवातीलाच लघवी तपासून, चरबी मोजून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायचं आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही. सत्तर किलोच्या मल्लाला साधारण एक किलो.

जागतिक कुस्तीत २०१८पासून प्रत्येक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होतं. हेतू चांगलाच होता. पण पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट नेहमीच्या ५३ऐवजी ५० किलोत उतरली. एका दिवसात तीन कुस्त्या लढायच्या तर पोटात अन्नपाणी हवंच. ते घेतल्यावर काटा वर गेला. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी शंभर ग्रॅम उरलेच आणि ती अपात्र ठरली. त्याच आठवड्यात अमन सेहरावतनं रात्रीतून साडेचार किलो उतरवून कांस्य जिंकलं आणि त्या रात्रीचं देशभर कौतुक झालं. पदकाचा आनंद मलाही झाला, पण त्या रात्रीचं कौतुक टोचलं. दोघांच्या शरीरांनी सोसलं ते एकाच जातीचं.

एका रात्रीत उतरतं ते मुख्यतः पाणी आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा. म्हणजे नेमकी कुस्तीची ताकद. महिनोन्‌महिने खुराक तोडला तर हानी आणखी खोल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४मध्ये या ऊर्जा-तुटीवर तज्ज्ञांचं निवेदन काढलं: पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, प्रतिकारशक्ती घटते.

वजनगटांचाही यात वाटा आहे. बीडच्या राहुल आवारेनं २०१९ला जागतिक कांस्य जिंकलं ते ६१ किलोत. ऑलिंपिकमध्ये तो गटच नाही. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७नंतर थेट ६५. अशा कोंडीतल्या पोरांसाठी किमान वजनाचा दाखला जिल्ह्याच्या निवड चाचणीपासूनच सक्तीचा हवा, आणि त्यावर सही वस्तादाची नाही, डॉक्टरची हवी.