मचूळ पाण्यावरचे खरबूज

मोसोरो हे ब्राझीलच्या ईशान्येतले, कोरड्या टापूतले शहर. देशातले बहुतेक समुद्री मीठ या शहराच्या राज्यात पिकते आणि युरोपात जाणारी खरबुजेही याच परिसरात. गोड पाणी जमिनीखाली आहे, पण खोलवरच्या वालुकाश्मात. तिथवर बोअर नेणे लहान शेतकऱ्याला झेपत नाही. वरच्या चुनखडकाचे पाणी स्वस्तात लागते, पण ते मचूळ.

हे पाणी मातीत सोडले, की झाड पाणी पिते आणि मीठ मागे ठेवते. दोन पाळ्यांच्या मधे ओल निम्म्यावर आली, तर उरलेल्या पाण्याचा खारेपणा जवळपास दुप्पट होतो. शिवाय सुकणारी माती आपले पाणी सहजी सोडत नाही. मुळांची झोंबी अशी एकाच वेळी दोघांशी.

यातल्या एकाला, म्हणजे मातीलाच, बाजूला काढले तर? मोसोरोच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी खरबूज नारळाच्या काथ्यात लावून पाहिले. काथ्या पाणी भरपूर धरतो, पण घट्ट धरून बसत नाही. ठिबकने दिवसातून अनेकदा थोडे थोडे पाणी द्यायचे, म्हणजे मुळांना कोरड जाणवतच नाही, आणि जादा पाण्याबरोबर साचलेले मीठ खालून निघून जाते. (काथ्या मुळात खारट असू शकतो, म्हणून तो आधी धुवायचा. खारेपणा घालवायला आणलेल्या वस्तूचाच खारेपणा आधी घालवायचा!)

तरी मीठ ते मीठच. बहुतेक विद्राव्य खतेसुद्धा क्षारच असतात, त्यामुळे पाणी जितके मचूळ तितकी खतांना जागा कमी. खारेपणा वाढवत नेला की फळ लहान भरते आणि उत्पन्न घटते. गोडी मात्र बऱ्याचदा टिकते. आपल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात कुणी हा प्रयोग करणार असेल, तर हिशेब वजनाचा मांडावा, चवीचा नव्हे.

मला खरी अडचण वाटते ती खालून निघणाऱ्या पाण्याची. ते शेतातच सोडले, तर दारातून घालवलेले मीठ खिडकीतून परत. ब्राझीलमधल्या कोरड्या भागातल्या गावांना हा प्रश्न जुना आहे: मचूळ पाणी गाळून पिण्याजोगे करणाऱ्या यंत्रांतून त्याहून खारट पाणी उरते. मोसोरोत खरबुजाला हे उरलेले पाणीही देऊन पाहिले आहे. एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने दुसरी वाट काढली. त्या पाण्यात आधी तिलापिया मासे वाढवायचे, मग तळ्यातले पाणी खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या ॲट्रिप्लेक्सच्या झुडपांना द्यायचे, आणि झुडपांचा पाला शेळ्या-मेंढ्यांना.